विश्वासाचं तारण

माणसं कशी सांभाळावीत, त्यांच्याकडून काम कसं करून घ्यावं, हा आता रीतसर शिकण्याचा विषय झाला आहे. त्याच्या पदव्या आहेत, जाडजूड पुस्तकं आहेत आणि मोठ्या हॉटेलांत भरणारी दोन दोन दिवसांची शिबिरंही आहेत. बँकेतल्या सदतीस वर्षांत अशा बऱ्याच शिबिरांना मी बसलो. एका शिबिरात आमच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून आम्हाला शेजारच्या सहकाऱ्याच्या भरवशावर जिन्यावरून चालवलं होतं. एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकणं, हा हेतू. जेवण उत्तम होतं. सोमवारी शाखेत परतल्यावर त्याच सहकाऱ्याने दिलेली नोटांची बंडलं मी नियमाप्रमाणे पुन्हा मोजून घेतली आणि त्यात त्याला किंवा मला काही वावगं वाटलं नाही. बँकेचा कारभारच तसा. तिजोरीला दोन चाव्या, त्या दोन माणसांकडे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने येऊन दोघांना तपासायचं. लोकांचा पैसा सांभाळायचा तर हे हवंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण एक गोष्ट मला नोकरीभर जाणवत राहिली. तपासणीने चोरी थांबते, चूक सापडते. काम मात्र वाढत नाही. नेमून दिलेल्या कामापलीकडे माणूस जे चार आण्यांचं जास्त करतो, आपणहून करतो, ते कुठल्याही नियमाने त्याच्याकडून काढून घेता येत नाही. ते कशाने येतं? या प्रश्नाचं उत्तर मला शिबिरांपेक्षा एका जुन्या चरित्रात अधिक सापडलं. ते चरित्र लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. त्यांचं नाव मराठी घरांना नवं नाही. शेतकऱ्याच्या घरी पंपावर, विहिरीवरच्या इंजिनावर आणि एके काळी मध्यमवर्गीय घरात मासिकाच्या मुखपृष्ठावर ते आलेलं आहे. मीही ते ग्रामीण शाखेत शेतकऱ्यांच्या कर्जप्रकरणांना जोडलेल्या कोटेशनवर इतक्या वेळा वाचलं, की हे एका माणसाचं नाव आहे हेच विसरायला झालं होतं. म्हणून आज त्या माणसाबद्दल.

* * *

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावचा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले तेही याच गावात. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरात मुलाने पोथी उघडावी किंवा निदान मॅट्रिक होऊन सरकारी कचेरीत चिकटावं, ही साधी अपेक्षा. लक्ष्मणाचं शाळेत लक्ष नव्हतं. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती : चित्रं काढणं आणि यंत्रं पाहणं. थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे दैवाने पहिला टोला दिला. त्याला काही रंगांमधला फरक नीट कळत नाही, असं ध्यानात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून वाईट बातमी कोणती? पण या माणसाच्या स्वभावातली एक गोष्ट इथेच दिसते. जे जमणार नाही त्यावर त्याने फार काळ अश्रू ढाळले नाहीत. रंग नाहीत तर रेषा आहेत, असा हिशेब करून तो यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला. पुढे मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याला यांत्रिक आरेखन शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये. त्या काळच्या मानाने बरा. शिकवून झालं की लक्ष्मणराव संस्थेतल्या यंत्रांपाशी जात, ती खोलून पाहत, जुळवत. हात काळे झाले तरी त्याची लाज वाटणारे ते मास्तर नव्हते.

या नोकरीच्या काळातच सायकलींचा उद्योग सुरू झाला. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचं मूळ वर्ष १८८८ मानलं जातं. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकली घ्यायच्या, बेळगावला रामुअण्णांनी त्या विकायच्या. त्या वेळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती, आणि घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. म्हणून रामुअण्णा १५ रुपये घेऊन शिकवतही. दोन गावांत दोन भाऊ आणि मध्ये फक्त पत्रं. फोन नव्हता, रोजचा हिशेब कळायची सोय नव्हती. भावाभावांतल्या भागीदारीची जी कर्जप्रकरणं मी पाहिली, त्यांतली निम्मीअधिक मोडली ती पैशाच्या तोट्याने नव्हे, संशयाने मोडली. म्हणून मला वाटतं, या उद्योगाचं पहिलं भांडवल सायकली नव्हत्या. ते या दोन भावांतलं नातं होतं.

मग दुसरा टोला. संस्थेत बढतीची जागा निघाली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. नोकरदार वाचकांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ते गिळलेलं असतं. अर्ज करायचा, वाट पाहायची, घरी चिडचिड करायची आणि निवृत्तीपर्यंत ती गोष्ट पाहुण्यांना सांगत राहायची. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे आले. त्या अन्यायाचा एक फायदा असा झाला, की योग्य माणसाला डावललं की काय होतं, ते त्यांना आतून कळलं. पुढे त्यांच्या हाताखाली शेकडो माणसं आली तेव्हा त्यांनी माणसाची जात, पदवी किंवा ओळख न पाहता त्याचा हात पाहिला, यामागे हा अनुभव असला पाहिजे, असं मला वाटतं.

* * *

बेळगावला त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आज हे साधं वाटतं. त्या वेळी शेतकऱ्याचा नांगर लाकडी. तो गावचा सुतार करी आणि तोच दुरुस्त करी. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल, असा समज पसरला होता. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं माल पडून राहणं म्हणजे काय, हे बँकेत बसलेल्या माणसाला विचारा. गोदामात गंजणारा माल, अडकलेले पैसे, घरच्यांचे प्रश्न. अशा वेळी गिऱ्हाईक अडाणी आहे, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह मोठा असतो. पण शेतकऱ्याच्या नकाराला त्याची म्हणून कारणं होती. वर्षाचं पीक पणाला लावून तो अनोळखी वस्तू का घ्यावी? मोडली तर दुरुस्त कोण करणार? वजनदार नांगराला बैल जास्त लागतील ते कुठून आणायचे? विषाची भीती ही बोलायची गोष्ट; खरी भीती फसण्याची. आणि तिच्यावर उपाय एकच : माल इतका चांगला करायचा की तो वापरणाऱ्याने शेजाऱ्याला सांगावं. नांगराच्या फाळाचं लोखंड कठीण हवं, पण ठिसूळ असून चालत नाही. दगडाला लागलं तर तुकडा पडतो. हे गणित जमेपर्यंत लक्ष्मणराव खपत राहिले. एका शेतकऱ्याने घेतला, मग दुसऱ्याने. पुढे दख्खनच्या काळ्या जमिनीत किर्लोस्कर नांगर घरोघर गेला.

विश्वास हा शब्द आपण नेहमी माणसांच्या संदर्भात वापरतो. पण कारखान्यात विश्वासाची सुरुवात वस्तूपासून होते. जो मालक गिऱ्हाइकाला खोटा माल देतो, त्याच्या कामगाराला ते सर्वांत आधी कळतं. मग तो कामगार मालकाशी खरं का वागेल? लक्ष्मणरावांच्या माणसांना आपण काय बनवतो याचा अभिमान वाटत असे, आणि त्याचं कारण माझ्या मते इथे आहे.

नांगर चालू लागले आणि तेवढ्यात तिसरा टोला बसला. बेळगाव नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. उठा, असं सांगण्यात आलं. जमलेला धंदा, जमवलेली माणसं आणि डोक्यावर छप्पर नाही.

* * *

आता या गोष्टीत एक राजा येतो. औंध हे साताऱ्याकडचं लहानसं संस्थान. तिथले अधिपती भवानराव श्रीनिवासराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९०९ साली गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहेत. ते स्वतः चित्रकार होते; औंधचं त्यांचं चित्रसंग्रहालय आजही पाहण्यासारखं आहे. औंधच्या एका बांधकामाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं, त्यातून दोघांची ओळख झालेली. लक्ष्मणरावांची अडचण कळली तेव्हा राजाने त्यांना संस्थानात कुठेही जागा निवडायला सांगितलं. कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन त्यांना मिळाली आणि वर १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज.

बँकेतल्या माणसाच्या सवयीने मी हे कर्जप्रकरण मनातल्या मनात अनेकदा तपासलं आहे. अर्जदार शाळेत न रमलेला. चित्रकला अर्धी सोडलेली. नोकरी सोडलेली. सध्याच्या जागेतून उठवलेला. जो माल करतो तो दोन वर्षं विकला गेला नव्हता. मागितलेली जागा माळरान. निवडुंग आणि नाग यांच्याशिवाय तिथे काही नाही. बाजारपेठ जवळ नाही, कोळसा नाही, कच्चं लोखंड नाही, कसबी कामगार तर नाहीतच. तारण काय? सांगता येत नाही. असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर ते वरच्या कार्यालयात पोचायच्या आधीच परत गेलं असतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं.

राजाने काय पाहिलं? एवढंच, की या माणसाने आजवर हाती घेतलेलं काम अर्धवट टाकलेलं नाही. नोकरी सोडली, पण यंत्र सोडलं नाही. नांगर खपला नाही, तरी नांगर वाईट केला नाही. तारण होतं ते हे. ते कागदावर उतरत नाही म्हणून आम्ही बँकवाले ते धरत नाही, पण जगातले अनेक मोठे व्यवहार त्याच तारणावर झालेले आहेत.

ज्याच्यावर असा विश्वास टाकला जातो, तो तो पुढे इतरांवर टाकतो. लक्ष्मणरावांच्या चरित्राचा पुढचा भाग म्हणजे याच वाक्याचा विस्तार आहे.

* * *

मार्च १९१० मध्ये मंडळी माळावर आली. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं. निवडुंग तोडला, साप मारले, झोपड्या उभ्या राहिल्या, आधी यंत्रांना छप्पर आणि मग माणसांना. जमशेदपूरची उभारणी तिकडे नुकतीच सुरू झाली होती. इकडे टाटांच्या तुलनेत खिसा रिकामा असलेला एक माणूस तेच स्वप्न लहान आकारात पाहत होता : कारखाना आणि गाव एकत्र. पुढे रेल्वेनेही कुंडल रोडचं नाव बदलून स्टेशनाला किर्लोस्करवाडी म्हटलं.

वाडीत कोणी कोणतं काम करायचं, हे लक्ष्मणरावांनी कसं ठरवलं ते पाहण्यासारखं आहे. रामुअण्णांकडे वसाहत आली : घरं, रस्ते, पाणी, माणसांची सुखदुःखं. शंभूराव जांभेकरांकडे यंत्रांची बाजू. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. के. के. कुलकर्णी गावोगाव फिरून माल विकत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. वाडीत येऊन ते कल्पक इंजिनिअर झाले. यांच्यातला कोणी मोठ्या पदवीच्या जोरावर आलेला नव्हता. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुलं साच्यावर, लेथवर उभी राहिली. ज्यांनी कधी पटाशी धरली नव्हती त्यांनी थोड्याच वर्षांत हजारो नांगर ओतले.

याची गुरुकिल्ली काय? लक्ष्मणराव स्वतः काम जाणत होते, ही पहिली. कामगाराला काय जमेल हे ते त्याच्या हाताकडे पाहून ओळखू शकत. दुसरी अशी, की काम दिलं की ते त्याच्याकडे राहू देत. आपल्याकडे वरिष्ठ मंडळी काम देतात, पण सोडत नाहीत; दर अर्ध्या तासाला झाकण उघडून पाहतात. भात शिजायचा असेल तर झाकण ठेवावं लागतं, हे घरातल्या बाईला कळतं, साहेबांना कळत नाही. आणि तिसरी, माणूस चुकला तर ती चूक शिकण्याचा खर्च म्हणून मांडायची तयारी. ज्या कारखान्यात सगळेच शिकत होते, तिथे दुसरा मार्गही नव्हता.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, खेड्यातल्या माळावर, हे ठरवणं आणि चालवणं सोपं नव्हतं. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे त्यांनी तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. रात्री अख्खी वाडी झोपलेली, गोदामात माल, घरांत बायकामुलं, आणि जागा असलेला माणूस काल गुन्हेगार म्हणून ओळखला जाणारा. ही माणसं वाडीची इमानी राखणदार झाली.

ही भाबडी दया होती का? मला तसं वाटत नाही. गावाने ज्याच्या तोंडावर दार लावलं आहे, त्याला सन्मानाचं काम मिळालं तर ते टिकवण्याची गरज त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला नसते. हा माणूस ओळखण्याचा हिशेब आहे. पण तो करायला छाती लागते, कारण हिशेब चुकला तर भोगायचं आपल्याला असतं. योगायोग पाहा : याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राजवटीत स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तीच प्रेरणा. राजा आणि कारखानदार यांच्यात कोणी कोणाकडून घेतलं हे ठरवण्याची गरज नाही. एकाच मातीत ते रुजलं होतं.

* * *

इथे थोडं माझ्या नोकरीबद्दल सांगतो, कारण लक्ष्मणराव वाचताना मला सतत दोन साहेब आठवत होते. शाखा एकच, उसाच्या पट्ट्यातली, साहेब लागोपाठचे. पहिले हुशार, नियमांत पक्के, दिवसरात्र खपणारे. त्यांना प्रत्येक गोष्ट स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. एकदा गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना त्यांनी खजिनदाराच्या खिडकीत हात घालून त्याची बंडलं तिथेच मोजायला घेतली. रक्कम बरोबर निघाली. साहेब समाधानाने केबिनमध्ये गेले. खजिनदाराने त्या दिवसानंतर कधी चूक केली नाही, आणि पाच मिनिटं उशिरा आलेल्या म्हाताऱ्या पेन्शनरासाठी पुन्हा खिडकीही उघडली नाही. नियमात बसणारं सगळं तो करी. त्याच्या पलीकडचं त्याने आटोपतं घेतलं.

दुसरे साहेब आले ते बुद्धीने बेताचे. इंग्रजी पत्रं आमच्याकडून लिहून घेत. पण आल्यावर महिन्याभरात त्यांनी थकलेल्या पीककर्जांची वसुली एका तरुण कारकुनाकडे दिली. हा पोरगा तोवर दांडीबहाद्दर म्हणून प्रसिद्ध. त्याला मोटारसायकलचं पेट्रोल मंजूर केलं, गावांची यादी दिली आणि दर शनिवारी फक्त चहाला बोलावून विचारपूस केली. तो पोरगा रविवारीसुद्धा वाड्यावस्त्या फिरू लागला. वर्षअखेरीला वसुलीचे आकडे वाढले. शाखेचं कौतुक झालं तेव्हा साहेबांनी वरून आलेल्या माणसांसमोर त्या कारकुनाला पुढे उभं केलं आणि आपण मागे राहिले.

पहिले साहेब वाईट नव्हते. ते पुढे फार वर गेले. दुसरे त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. जगाचा न्याय असा असतो. पण त्या शाखेतली माणसं अजून भेटली की बोलणं निघतं ते दुसऱ्या साहेबांचं. लक्ष्मणरावांमध्ये पहिल्या साहेबांची कामावरची पकड आणि दुसऱ्यांचं मन, दोन्ही होती. असं जुळणं दुर्मिळ.

* * *

पहिलं महायुद्ध आलं आणि वाडीची कसोटी लागली. परदेशातून येणारं लोखंड बंद, कोक मिळेना. भट्टी विझली तर माळावर आणलेल्या कुटुंबांनी जायचं कुठे? लक्ष्मणरावांनी कोकच्या जागी लोणारी कोळसा वापरून पाहिला. जिथे मोडीत लोखंड मिळेल तिथून गोळा केलं. कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा शाहू महाराजांनी दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर ही कवीला सुचावी अशी कल्पना. इथे ती निकडीतून आली. अशा वेळी उपाय मालकाला एकट्याला सुचत नसतात. भट्टीपाशी उभा असलेला माणूस बोलला पाहिजे, आणि तो तेव्हाच बोलतो जेव्हा आपलं ऐकलं जाईल अशी त्याला खात्री असते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीत एक गोष्ट घडली, जिच्यामुळे हे नाव मराठी घरांत शिरलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं. त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढलं. सुरुवात कारखान्याच्या मालाची आणि वाडीची माहिती देण्यापासून. नांगर करणाऱ्या कारखान्याने मासिक कशाला चालवायचं, असा प्रश्न कोणत्याही हिशेबी मालकाने विचारला असता. लक्ष्मणरावांनी पुतण्याला वाव दिला. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आलं. महाराष्ट्रातल्या दोनतीन पिढ्यांच्या स्त्रियांनी दुपारची कामं आवरून जी मासिकं वाचली, ती एका माळावरच्या छापखान्यातून निघत होती. माझ्यासारख्या लिहित्या माणसाला हे ऋण मान्य केलंच पाहिजे.

मुलाच्या बाबतीतही तेच. शंतनुराव १९२२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला गेले आणि १९२६ साली परतले. पुढे पंप आले, डिझेल इंजिनं आली. बाप स्वतः घडलेला, मुलगा परदेशात शिकलेला. अशा घरांत खटके उडतात हे आपण जाणतो. आपण उभारलेलं आपल्याच डोळ्यांदेखत कोणी बदलू लागलं तर गप्प बसणं कठीण. लक्ष्मणरावांनी पुढच्या पिढीला जागा करून दिली. १९४१ साली हरिहरचा कारखाना निघाला, १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. माळावरचं झाड स्वतःच्या सावलीबाहेर वाढलं. परक्या माणसावर विश्वास टाकणं एक वेळ सोपं. आपल्या मुलाच्या निर्णयावर टाकणं अवघड. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी हे मनाशी तपासून पाहावं.

* * *

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळं गोड आहे, पण एका माळावर, एका मालकाच्या छायेखाली. ते खरं आहे. वाडीत घर मालकाचं, काम मालकाचं, शाळाही त्याचीच. असा मालक चांगला निघाला तर स्वर्ग आणि वाईट निघाला तर सुटका नाही. म्हणूनच पुढे कायदे आले, संघटना आल्या, आणि त्या येणं योग्यच होतं. चांगुलपणाच्या भरवशावर कोणाचं पोट ठेवू नये. विश्वास हा पगाराचा पर्याय नाही आणि हक्काचाही नाही. आजकाल कार्यालयांत कुटुंब कुटुंब म्हणत माणसांना रात्री नऊपर्यंत बसवून घेतात. लक्ष्मणरावांचं नाव अशा कुटुंबप्रमुखांनी घेऊ नये.

विश्वासाने सगळं साधतं, असंही नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलींत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरंदारं जळाली. किर्लोस्करवाडीलाही त्या वेळी आग लावण्यात आली. जातपात न पाहता उभी केलेली वाडी जातीच्या रागात होरपळली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून जिथे भट्टी पेटवली, तिथे धूर पाहण्याची पाळी आली. त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज मी कादंबरीकार असूनही करणार नाही.

पण पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. कारखाना पुन्हा उभा राहिला. जळालेली छपरं, यंत्रं पैशाने आणता येतात. त्यांच्यामागची जाणकार, कामाला लागणारी माणसं तशी आणता येत नाहीत. ती वाडीत होती. विश्वास म्हणजे विमा नव्हे. तो आग रोखत नाही. आगीनंतरच्या सकाळी कामावर कोण येतं, एवढंच त्याच्यावर ठरतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. किर्लोस्करवाडी स्टेशनावर आजही गाड्या थांबतात.

मोठ्या माणसांची चरित्रं वाचून आपण कारखाने काढणार नसतो. पण हाताखाली दोन माणसं तरी प्रत्येकाच्या असतात. कार्यालयात नवा आलेला मुलगा, दुकानात गल्ल्यावर बसणारा पोऱ्या, घरी कामाला येणाऱ्या मावशी, पहिल्यांदा एकटीने गावाला जाऊ पाहणारी मुलगी. यांच्यापैकी कोणाच्या तरी हातात या आठवड्यात एक काम पूर्ण द्यावं. सूचना एकदाच द्याव्यात आणि मग आपण दुसऱ्या कामाला लागावं. काही बिघडेलही. हिशेबात ते थोडं आधीच धरून ठेवावं.